बिनपगारी पंचांची पेढी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाह ताईंनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "पैशांविषयी बोलेन." त्यावर दोघीतिघी हसल्या. पाककृती, मुलांचे आजार, सणवार यांवर बायांनी बोलावे आणि पैशांवर पुरुषांनी, अशी आपली जुनी वाटणी आहे. पण आपल्या भिशीची रीतसर पतसंस्था करावी की नाही, हा प्रश्न वर्षभर मंडळापुढे पडून आहे आणि तो कुठे अडला आहे हे इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. सभासद आहेत, शिल्लक आहे, बसायला ही खोलीही आहे. कर्ज मंजूर करणाऱ्या समितीवर नाव द्यायला मात्र कोणी तयार नाही. "जिच्या दारात रोज ताक मागायला जाते, तिला नाही कसे म्हणू?" असे जी म्हणाली, ती काही खोटे बोलली नाही.

म्हणून आज मी एका दूरच्या मुलखाची हकीकत आणली आहे. हाच पेच तिथल्या लोकांपुढे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आला होता.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. ही माहिती मला मिळाली ती माझ्या भाचीमुळे. ती कॅनडात मॉन्ट्रियलला असते. तिथे तिने खाते काढले आणि मला फोनवर सांगितले, "मावशी, ही बँक नव्हे, ही केस आहे." मी म्हटले, केस म्हणजे? डोक्यावरचे, की कोर्टातली? तेव्हा समजले की फ्रेंच भाषेत 'केस' म्हणजे पैसे ठेवण्याची पेटी, आपण गल्ला म्हणतो तो. 'केस पॉप्युलेर' म्हणजे लोकांचा गल्ला. मला हे नाव इतके आवडले की मी तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले, आणि तिनेही वाचून वाचून उत्तरे दिली.

कॅनडात क्वेबेक नावाचा प्रांत आहे. तिथली बहुसंख्य प्रजा फ्रेंच बोलणारी. परंतु त्या काळी मोठा व्यापार आणि बँका बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती. शेतकरी आणि मजूर यांना बँकेच्या पायरीवर उभे करत नसत. मग सावकार होताच. तो सगळ्या मुलखांत एकाच तोंडवळ्याचा असतो. सन १८९७ मध्ये ओटावाच्या पार्लमेंटात एका सभासदाने सांगितले की मॉन्ट्रियलच्या एका माणसाने १५० डॉलरचे कर्ज घेतले आणि त्याला व्याजापोटी ५००० डॉलर भरावे लागले. तिथे अल्फोन्स देजार्दँ नावाचे गृहस्थ फ्रेंच भाषणे लघुलिपीत उतरवून घेण्याचे काम करीत. ही हकीकत त्यांच्या मनाला लागली.

देजार्दँ काही धनिक नव्हते. त्यांनी युरोपातील सहकारी पेढ्यांची पुस्तके मिळवली, तिथल्या जाणत्यांशी पत्रव्यवहार केला, आणि तीनेक वर्षे विचार करून ६ डिसेंबर १९०० रोजी आपल्या लेव्ही या गावी शंभरावर माणसे जमवून पहिली पेढी स्थापन केली. २३ जानेवारी १९०१ रोजी पैसे घेणे सुरू झाले. पहिली ठेव किती होती? १० सेंट. सबंध दिवसात मिळून २६ डॉलर ४० सेंट. एक भाग ५ डॉलरचा, पण तो आठवड्याला १० सेंट भरून पुरा करण्याची सोय ठेवलेली. भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. आपल्या भिशीची सुरुवात आठवा आणि मग त्या २६ डॉलरांना हसा.

आता कारभार कोणाचा? गावचेच लोक. चर्चच्या पॅरिशमधले, म्हणजे एका घंटेच्या आवाजातले म्हणा ना. सभासदांनी आपल्यातूनच तीन मंडळे निवडायची. एक संचालक मंडळ, सर्वसाधारण कारभार पाहणारे. दुसरी कर्जसमिती, कर्ज द्यायचे की नाही ठरवणारी. तिसरे देखरेख मंडळ. त्याने कधीही येऊन गल्ला मोजावा, वह्या तपासाव्या. या तिन्हींवरच्या कोणालाही पगार नाही. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, बहुधा एक पाद्री; दिवसाचे काम आटोपून संध्याकाळी बसायचे.

पगार नाही, हे ऐकून आमच्या घरातले हे म्हणाले, "फुकटच्या कामाला कोण जीव लावतो?" शंका रास्त आहे. पण नियम पाहा. कर्जसमितीवर आणि देखरेख मंडळावर जो बसेल त्याला त्या पेढीतून कर्ज घेता येत नसे. पगार नाही तो नाहीच, वर पेढीचा जो मुख्य फायदा, तोही सोडायचा! मला आधी हा अन्याय वाटला. मग आपल्याच गावात बुडालेली ती पतसंस्था आठवली. नाव घेत नाही. तिथे संचालकांनी एकमेकांच्या मेव्हण्यांना आणि साडूंना कर्जे दिली, आणि मोलकरणींचे, भाजीवालीचे पैसे गेले. आपल्यातल्या तिघींचेही गेले. अर्ज करणारा आणि मंजुरी देणारा टेबलाच्या एकाच बाजूला बसला की असेच होते. लेव्हीच्या लोकांनी टेबलाची मधली रेघ पहिल्याच वर्षी पक्की आखली होती.

आणखी एक गोष्ट. कर्ज मंजूर व्हायला कर्जसमितीचे एकमत लागे. एकाने नाही म्हटले तरी अर्ज अडे. अर्जदाराला संचालक मंडळाकडे दाद मागता येई, पण समितीत कोण काय बोलले हे बाहेर सांगायची मनाई. म्हणजे शेजाऱ्याला 'नाही' म्हणणारा अमुक एक माणूस नसे. 'नाही' म्हणे ती समिती. आपल्या ताकाच्या प्रश्नाला याहून बरे उत्तर मला सापडलेले नाही.

आणि ते कर्ज देताना पाहत काय? जमीन किती, दागिने किती, हे मुख्य नव्हे. माणूस कसा आहे, कष्टाळू आहे का, दारूत उडवील का, पैसे कशासाठी मागतो. हे बँकेच्या साहेबाला कसे कळणार? ते शेजाऱ्यालाच कळते. मोठ्या आणि लहान कर्जाचे अर्ज एकदम आले तर लहान्याला आधी द्यावे, असाही दंडक होता. शेजारधर्म आड येतो असे आपण म्हणतो. तिथे शेजारधर्मच तारण होता.

आता मला ज्यांच्याविषयी बोलायची खरी हौस आहे त्या बाईंकडे येते. देजार्दँ यांची नोकरी ओटावाला. पार्लमेंटचे अधिवेशन चाले तेव्हा महिनोन्‌महिने ते घरापासून दूर. मग लेव्हीची पेढी कोण पाहणार? त्यांच्या पत्नी दोरिमेन. दहा मुलांची आई. पेढीचा बराचसा व्यवहार त्यांच्या राहत्या घरातच चाले. लोक दारावर येत, ही बाई पैसे मोजून घेई, वहीत लिही, पत्रांची उत्तरे देई. १९०३ पासून १९०६ पर्यंत नवऱ्याच्या गैरहजेरीत कारभाराचा भार तिच्यावर होता. त्या वेळी अशा पेढ्यांना कायद्याचा आधार नव्हता. पेढी बुडाली असती तर देजार्दँ यांचे घरदार जाण्याची भीती होती. ते खचत, तेव्हा बाई धीर देत. पुढे १९०६ मध्ये क्वेबेक सरकारने कायदा केला आणि जीव भांड्यात पडला. सबंध कॅनडासाठी कायदा व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. दुकानदारांच्या संघटनेने विरोध केला आणि १९०८ मध्ये ते बिल वरच्या सभागृहात एका मताने पडले.

गंमत, किंवा दुःख म्हणा, ते असे की ही बाई हजारोंचा हिशेब ठेवीत होती, पण क्वेबेकच्या कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून करारमदारही करता येत नसे. हे बंधन १९६४ मध्ये सुटले. पंचांच्या खुर्चीवर बसलेले सगळे पुरुष. गल्ल्याची किल्ली हिच्याकडे. १९२० मध्ये नवरा वारला, त्यानंतरही पेढ्यांचे लोक सल्ल्याला तिच्याकडे येत. १९३२ मध्ये ती गेली. कॅनडा सरकारने राष्ट्रीय महत्त्वाची व्यक्ती म्हणून तिची नोंद केली ती २०१२ साली. ऐंशी वर्षांनी का होईना! लेव्हीचे त्यांचे घर आता लोकांना पाहण्यासाठी जपून ठेवले आहे.

ही पेढी फ्रेंच माणसाच्या मागोमाग परमुलखातही गेली. अमेरिकेत मँचेस्टर नावाचे गिरण्यांचे गाव आहे, न्यू हॅम्पशायर संस्थानात. तिथल्या कापडगिरण्यांत क्वेबेकहून गेलेली हजारो माणसे राबत. कोकणातून आपले लोक परळ-लालबागला गेले तशीच. त्यांच्या पाद्र्याने देजार्दँ यांना बोलावून घेतले आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये सेंट मेरी पॅरिशची पेढी निघाली. अमेरिकेतली ही असली पहिलीच पेढी. तिचे पहिले अध्यक्ष एक वकील होते. दिवसभर वकिली करून संध्याकाळी राहत्या घरी गिरणीकामगारांचे पैसे घेत. पुढे ती गिरणी बंद पडली. पेढी अजून आहे.

कॅनडातच, पण क्वेबेकच्या बाहेर, जिथे फ्रेंच बोलणारे मूठभर, तिथे या पेढीचे मोल आणखी वेगळे. न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर १९३६ मध्ये आणि मॅनिटोबात १९३७ मध्ये अशा पेढ्या निघाल्या. आपल्या बोलीत अडचण सांगता यावी आणि समोरच्याने ती आपल्या बोलीत ऐकावी, ही त्यांची भूक होती. आपल्यापैकी किती जणी बँकेत न वाचलेल्या फॉर्मावर सही करून येतात, ते हात वर करायला मी सांगत नाही.

आपल्याकडचे कोणी म्हणेल, हे गोऱ्यांचे. तसे नाही. जर्मनीत रायफायझन म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी खेड्यातल्या पतपेढीची घडी बसवली. पंचांनी मानसेवा करायची, फक्त हिशेबनीसाला मोबदला द्यायचा, हे त्यांचेच सूत्र. त्यांच्या पेढ्यांची माहिती वाचून देजार्दँ लेव्हीत बसले, आणि त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावी तशी पहिली संस्था निघाली. ते गाव तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होते. एका आजोबांची आपण आणि ते नातवंडे आहोत.

सगळे गोडगोड सांगून चालणार नाही. क्वेबेकात एके काळी हजाराच्या वर पेढ्या होत्या, गावोगाव. एकत्रीकरण होत होत त्या आता दोनशेंच्या आसपास उरल्या आहेत. त्यांचा महासंघ आज मोठ्या बँकांच्या तोडीचा आहे, त्याचे काम संगणकावर चालते, आणि कर्जाचा निर्णय घ्यायला पगारी, शिकलेली माणसे आहेत. जुनी कर्जसमिती गेली. लहान गावांतल्या खिडक्या बंद झाल्या तेव्हा म्हातारी माणसे रागावली. भाची म्हणते, मावशी, पैसा एवढा वाढला की संध्याकाळी येणाऱ्या शेतकऱ्याला तो सांभाळणे झेपेना. असेलही. पण मला वाटते, पैसा सांभाळायला शिकलेला माणूस पगारावर ठेवावा आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला गावातला बिनपगारी माणूस असावाच. नुसत्या शिकलेल्यांनी सांभाळलेल्या बँकाही बुडतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो.

तेव्हा आपल्यापुरते माझे म्हणणे असे. हिशेब लिहायला एक मुलगी पगारावर ठेवावी. तिथे काटकसर नको. फुकट लिहिलेली वही चुकली तर कोणी रागावूही शकत नाही. संचालक, कर्जसमिती, देखरेख, तिन्हींवर वेगवेगळ्या बाया असाव्या, एकीचे नाव दोन ठिकाणी नको. कर्जसमितीत एकमत लागावे आणि तिथले बोलणे स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊ नये. समितीवर असेल तिने आणि तिच्या घरच्यांनी तेवढी वर्षे कर्ज मागू नये. शेवटच्या अटीवर पुष्कळ कुरकुर होईल. ती आजच होऊ द्या. पैसे बुडाल्यावर नको. सहकार खात्याकडे नोंदणी झाली की कायद्याने संचालकांवर जबाबदारी येते, तीही कोणी हलकी समजू नये.

दोरिमेनबाईंना कायद्याने परवानगी नव्हती, तरी त्यांनी गल्ला राखला. आपल्याला कायद्याने सगळी मोकळीक आहे. फक्त 'नाही' म्हणायची लाज वाटते.

कर्जसमितीला पाच नावे हवीत. माझे मी काल कार्यवाह ताईंकडे लिहून दिले आहे, आणि धाकट्याच्या शिक्षणाला मंडळातून कर्ज मिळणार नाही, हेही घरी सांगून ठेवले आहे. राहिली चार. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे.