वीज किती, याहून वीज केव्हा!



भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. म्हणूनच विजेवर धावणारी प्रत्येक बस हे स्वावलंबनाच्या दिशेने पडलेले पाऊल होय. पुण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएमपीच्या ताफ्यात विजेच्या बस आल्या आणि भेकराईनगर आगारात त्यांच्या चार्जिंगची व्यवस्था उभी राहिली. मात्र बस घेतल्या म्हणजे कार्य संपले, असे नव्हे. खरी कसोटी रात्री आगारात लागते.

एक साधा हिशेब पाहावा. समजा, आगारात शंभर बस आहेत आणि प्रत्येकीला रोज २०० युनिट वीज लागते. म्हणजे एकूण २० हजार युनिट. रात्री अकराला सर्व बस १२० किलोवॅटच्या चार्जरना एकदम जोडल्या, तर १२ मेगावॅटचा भार येईल. हीच वीज सात तासांत समान वाटून दिली, तर सुमारे तीन मेगावॅट पुरतात. वीज तेवढीच, भार मात्र चतुर्थांश! रोहित्र आणि वाहिन्या किती क्षमतेच्या हव्यात, हे सर्वोच्च भारावरच ठरते. तो खर्च अखेर सामान्य प्रवाशाच्या वा करदात्याच्या माथी येतो.

आपल्या मंगलकार्यांत हे शास्त्र पूर्वापार आहे. मांडवात पन्नास पाने मावत असतील, तर पाहुणे पंगतींनी बसतात. दूरगावी जाणाऱ्यांना पहिल्या पंगतीचा मान. तसेच पहाटे पाचला सुटणारी, बॅटरी उतरलेली बस आधी. उशिरा सुटणारी नंतर. एखादी बस विलंबाने परतली, तर संगणक प्रणाली सारा क्रम क्षणात नव्याने लावते.

रात्र हीच एकमेव वेळ नव्हे. सौरऊर्जा दुपारी मुबलक असते, संध्याकाळी मावळते. त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून सौर तासांत स्वस्त आणि कमाल मागणीच्या तासांत महाग वीज, हे तत्त्व स्वीकारले. सकाळची गर्दी ओसरल्यावर आगारात येणाऱ्या बसने दुपारीच वीज घ्यावी, हे उचित.

हा नियम घरालाही लागू आहे. संध्याकाळी परतताच स्कूटर चार्जिंगला लावण्याऐवजी मध्यरात्रीनंतर लावणे, ही छोटीशी शिस्तच होय. राष्ट्राची शक्ती केवळ निर्मितीत नसते. संयमित उपभोगातही असते.