दुधाच्या पाच बादल्या



निरंकुश सत्ता माणसाला पुरती बिघडवते, हे वाक्य आता वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे. विरोधी बाकांवर बसलेला प्रत्येक जण ते म्हणतो आणि बाक बदलले की विसरतो. हा विचार लॉर्ड अ‍ॅक्टन या इंग्रज इतिहासकाराचा. १८८७ साली मँडेल क्रायटन या दुसऱ्या इतिहासकाराला लिहिलेल्या पत्रात त्याने तो मांडला. क्रायटनने पोपांचा इतिहास लिहिला होता. अ‍ॅक्टन स्वतः कॅथलिक, तरी त्याची तक्रार अशी की, तुम्ही पोपांना फार सांभाळून घेता. साध्या माणसाला जो न्याय लावाल तो सिंहासनावरच्याला लावत नाही. पत्रातला राग सत्ताधाऱ्यावर होताच, पण पत्र लिहायला लावले ते त्याला सांभाळून घेणाऱ्याने. आज मला या सांभाळून घेणाऱ्याविषयीच बोलायचे आहे. रूपककथा वाचताना आपण हुकूमशहाकडे इतके टक लावून पाहतो की, त्याच्या शेजारी उभा असलेला हा गृहस्थ नजरेतून निसटतो.

राजकारण प्राण्यांच्या तोंडून सांगण्याची रीत आपल्याला नवी नाही. पंचतंत्रातला गंगदत्त आठवा. भाऊबंदांनी छळलेला हा बेडकांचा राजा सूड घेण्यासाठी सापालाच विहिरीत आणतो. साप आधी शत्रूंना खातो, मग आप्तांना, मग गंगदत्ताच्या मुलाला. गोष्ट जबरदस्त आहे. पण पंचतंत्र विष्णुशर्म्याने राजपुत्रांना शिकवण्यासाठी सांगितले, त्यामुळे धडा राजाच्या सोयीचा: कोणाला घरात घ्यावे, कोणाला घेऊ नये. विहिरीतल्या बाकीच्या बेडकांनी काय करायला हवे होते, हा प्रश्न तिथे येत नाही. त्यांनी मरायचे, एवढेच त्यांचे काम.

बाकीच्या बेडकांचा प्रश्न विचारला जॉर्ज ऑर्वेलने. हा गृहस्थ जन्मला बिहारमध्ये, मोतीहारीला, १९०३ साली; वडील सरकारच्या अफू खात्यात. पुढे त्याने ब्रह्मदेशात पाच वर्षे पोलीस अधिकारी म्हणून नोकरी केली. म्हणजे सत्ता हातात धरल्यावर कशी लागते, हे त्याने ग्रंथातून शिकलेले नव्हते. १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. त्यातून वाचतो तोच, मॉस्कोच्या तालावर चालणारे कम्युनिस्ट आपल्याच बाजूच्या डाव्या साथीदारांना फितूर ठरवून तुरुंगात टाकत आहेत, हे त्याने पाहिले. बायकोसह त्यालाही पळ काढावा लागला. ‘अ‍ॅनिमल फार्म’ या रशियन क्रांतीवरच्या त्याच्या रूपककथेची बीजे तिथली.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. जोन्स नावाच्या दारुड्या मालकाला हाकलून जनावरे शेत ताब्यात घेतात, सात नियम भिंतीवर रंगवतात, आणि शेवटी डुकरे दोन पायांवर चालू लागतात. शेवटचे चित्र सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र क्रांतीनंतरच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली एक जागा जास्त महत्त्वाची वाटते. धारा काढायच्या राहिल्यामुळे गायींच्या कासा तट्ट फुगलेल्या आहेत. डुकरे धारा काढतात, पाच बादल्या दूध निघते. या दुधाचे काय करायचे, असे कोणीतरी विचारतो. नेपोलियन नावाचे डुक्कर बादल्यांपुढे येऊन उभे राहते आणि म्हणते, दुधाचे बघू, आधी कापणीला चला. सगळे जातात. संध्याकाळी परततात तर दूध नाहीसे झालेले.

या घटकेला नेपोलियनजवळ काय आहे? कुत्र्यांची टोळी नाही. ती नऊ पिल्ले तो नंतर आयांपासून तोडून माळ्यावर वाढवणार आहे. शिक्षा नाही, फितुरीचे खटले नाहीत. फक्त बादल्यांपुढे उभे राहण्याचा आत्मविश्वास आहे. निरंकुश सत्ता अजून जन्मालाच आलेली नाही, आणि तरी दूध गेले! मग बिघाड सत्तेने केला, असे कसे म्हणावे? आधी दूध गेले, कोणी हिशेब मागितला नाही, आणि म्हणून सत्ता निरंकुश झाली. क्रम असा उलटा आहे.

पुढे वाऱ्याने पडलेली सफरचंदेही डुकरांनाच द्यायचे ठरते. या ठरावाला सगळ्या डुकरांची संमती आहे, स्नोबॉलचीसुद्धा. स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, पुढे हाकलला जाणारा, म्हणून पुष्कळ वाचकांचा लाडका. तो राहिला असता तर सारे ठीक झाले असते, असे वाचणारे अजूनही भेटतात. ऑर्वेलने ती पळवाट ठेवलेली नाही. १९४६ साली ड्वाइट मॅकडोनाल्ड या अमेरिकन लेखकाला पाठवलेल्या पत्रात त्याने स्वच्छ लिहिले की, दूध आणि सफरचंदे डुकरांनी ठेवून घेतली तिथेच कथेला वळण लागते. तेव्हाच जनावरांनी पाय रोवले असते तर निभावले असते. या संदर्भात त्याने नाव घेतले क्रॉन्स्टाट या रशियन नाविक तळाचे. १९२१ साली तिथल्या खलाशांनी बोल्शेव्हिकांकडे मोकळ्या निवडणुका मागितल्या, आणि ते बंड चिरडले गेले तेव्हा लष्कराची सूत्रे ट्रॉट्स्कीकडेच होती. स्टालिनची एकहाती सत्ता यायला अजून काही वर्षे होती.

आता सांभाळून घेणाऱ्यांकडे येऊ. पहिला स्क्वीलर, नेपोलियनच्या वतीने बोलणारे डुक्कर. तो समजावून सांगतो की, डुकरांना दूध आवडतच नाही, बिचारी बौद्धिक कष्टांसाठी औषधासारखे घेतात. आणि ती दमली तर जोन्स परत येईल. सरकारी खुलाशांचा हा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. पण स्क्वीलर पगारी माणूस, त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. दुसरा बेंजामिन गाढव. त्याला डुकरांइतके चांगले वाचता येते, भिंतीवरचे नियम कसे बदलतात ते कळते, पण कोणाच्या भानगडीत पडायचे नाही हा त्याचा बाणा. मित्राला कत्तलीसाठी न्यायला आलेल्या गाडीवरची पाटी तो मोठ्याने वाचतो, तेव्हा गाडी सुटायच्या बेतात असते. आपल्यातल्या सुशिक्षितांनी हे पात्र जरा जपून वाचावे.

आणि तिसरा बॉक्सर. कष्टाळू, सरळ, प्रचंड ताकदीचा घोडा. भर अंगणात नेपोलियनची कुत्री त्याच्यावर झेप घेतात, तेव्हा तो एकाला टापेखाली सहज दाबून धरतो. कुत्रे केकाटू लागते. आणि बॉक्सर नेपोलियनकडे पाहतो: चिरडू की सोडू? नेपोलियन सोड म्हणतो, बॉक्सर टाप उचलतो. संपूर्ण पुस्तकात याहून भयंकर क्षण मला दिसत नाही. त्या क्षणी सत्ता खरोखर कोणाकडे होती? त्यानंतर त्याच अंगणात कबुलीजबाब होतात, मुडदे पडतात, आणि बॉक्सर ठरवतो की दोष आपल्यातच असणार, उद्यापासून पुरता एक तास लवकर उठू. थकून कोसळल्यावर त्याला म्हाताऱ्या घोड्यांच्या कातड्या-हाडांचा धंदा करणाऱ्याला विकतात. त्या पैशांत डुकरांची व्हिस्की येते.

या पुस्तकाच्या छपाईतही एक सांभाळून घेणारा भेटतो. दुसऱ्या महायुद्धात रशिया ब्रिटनचा मित्र, म्हणून एकामागून एक प्रकाशक नकार देत होते. जुलै १९४४ मध्ये फेबर प्रकाशनाच्या वतीने नकार लिहिला कवी टी. एस. एलियटने. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, डुकरेच सर्वांत हुशार असल्यामुळे कारभाराला तीच योग्य. गरज आहे ती अधिक लोकहितदक्ष डुकरांची. एवढा थोर कवी, आणि स्क्वीलरचे काम फुकटात करून गेला. पुस्तक ऑगस्ट १९४५ मध्ये आले.

आपल्याकडे हेच दुखणे विजय तेंडुलकरांनी दुसऱ्या अंगाने दाखवले. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. इथे सत्ता उसनी आहे. घाशीराम मुलगी पेशवाईतल्या नाना फडणवीसांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो, शहर छळतो, आणि अंगाशी आल्यावर नाना त्याला जमावाच्या हाती देऊन मोकळे. इतिहासातला घाशीराम १७९१ साली लोकांच्या दगडांखाली मेला. मात्र आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे तेंडुलकरांनी सांगून ठेवले होते. नाटक १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेनेच थांबवले, मग कलावंतांनी थिएटर अकादमी काढून ते पुन्हा उभे केले. वाद पेटला तो नाना फडणवीसांच्या आणि पुण्याच्या ब्राह्मणांच्या बदनामीवरून. मला त्या नाटकात सर्वांत बोलकी वाटते ती माणसांची भिंत. गाणाऱ्या-नाचणाऱ्या त्या रांगेचा कधी वाडा होतो, कधी दार, कधी बाग. आतले सारे त्या भिंतीला दिसते, हवे तेव्हा ती पाठ फिरवते. घाशीराम पडल्यावर उत्सवालाही तीच माणसे. बॉक्सरची कीव तरी येते. या भिंतीची येत नाही, कारण तिला सगळे माहीत आहे.

एक शेवटची गोष्ट. ऑर्वेल १९५० साली गेला. १९५४ मध्ये ‘अ‍ॅनिमल फार्म’वर व्यंगचित्रपट निघाला, त्यामागे अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्याचा पैसा होता. त्यांनी शेवट बदलला: जनावरे दुसऱ्यांदा उठतात आणि डुकरांचा नायनाट करतात. रशियाविरुद्ध प्रचाराला हा शेवट सोयीचा होता. कथेशी मात्र ही बेइमानी आहे. ज्यांनी पाच बादल्यांचा हिशेब मागितला नाही, टाप उचलली, वाचता येत असून वाचले नाही, त्यांना चित्रपटाने शेवटच्या पाच मिनिटांत वीर करून सोडले. प्रेक्षक हलका होऊन घरी जातो. तुमच्यापैकी ज्यांनी केवळ तो चित्रपट पाहिला असेल, त्यांनी मूळ पुस्तक वाचावे. शंभर-सव्वाशे पानांचे आहे, दोन संध्याकाळी पुरतात. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांना सोबत घेऊन वाचा, आणि दुधापाशी थांबून त्यांना विचारा की, तुम्ही तिथे असता तर काय केले असते.