दोन खडेबाजार आणि संगणकातील दप्तर

(भाषणाचा मजकूर)



बेळगावच्या पेठेत एक खडेबाजार आहे आणि लगतच्या शहापुरात दुसरा. आज हे दोन्ही भाग एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. पूर्वी मात्र बेळगाव मुंबई इलाख्यात होते, तर शहापूर १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत सांगली संस्थानात होते. साहजिकच त्या काळचे सरकारी कागदही दोन निरनिराळ्या दप्तरांतले. नाव एकच असले तरी बस्ता वेगळा, म्हणून कागद ओळखता येई.

संगणकातील रचना याहून फारशी वेगळी नाही. तेथे कागदाच्या जागी फाईल असते आणि बस्त्याच्या जागी कप्पा. एका कप्प्यात एका नावाची एकच फाईल राहू शकते. दुसऱ्या कप्प्यात तेच नाव पुन्हा चालते. म्हणून फाईलचा संपूर्ण पत्ता ‘बेळगाव/खडेबाजार’ किंवा ‘शहापूर/खडेबाजार’ असा लिहितात.

हे दप्तर हाताळण्याचा एक मार्ग म्हणजे पडद्यावरील चित्रे माऊसने हलविणे. दुसरा म्हणजे लेखी आज्ञा देणे. युनिक्स या प्रणालीचे काम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये सुरू केले. तिच्या अनेक आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या आहेत. ‘एल-एस’ कप्प्यातील यादी दाखविते, ‘सी-पी’ नक्कल करते, ‘एम-व्ही’ फाईल हलविते, ‘आर-एम’ ती काढून टाकते आणि ‘डी-एफ’ शिल्लक जागा सांगते. प्रगत संगणन विकास केंद्राने २००७ मध्ये प्रसृत केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली लिनक्सवर आधारलेली असल्याने तीतही याच आज्ञा चालतात. हजारो फाईलींचे काम एका ओळीत होते, हा यांचा मोठा लाभ होय.

परंतु आज्ञाधारक सेवक जितका तत्पर, तितकीच आज्ञा देणाऱ्याची जबाबदारी मोठी. समजा, एका कर्मचाऱ्याने बेळगावची ‘खडेबाजार’ फाईल ‘एकत्र’ नावाच्या कप्प्यात हलविली आणि नंतर शहापूरचीही तेथेच हलविली. सामान्यतः यंत्र काहीही न विचारता दुसरी फाईल पहिलीच्या जागी ठेवते. पहिली नाहीशी होते, आणि मूळ जागीही ती उरलेली नसते. आज्ञेपुढे आडवी रेघ व ‘आय’ हे अक्षर लिहिल्यास मात्र यंत्र आधी परवानगी मागते.

दुसरा धोका मोकळ्या जागेचा. खडेबाजार हे नाव कोणी जोडून लिहितात, कोणी ‘खडे बाजार’ असे तोडून. तोडलेले नाव अवतरणचिन्हांत घातले नाही, तर यंत्र त्या दोन फाईली समजते. ‘खडे’ने सुरू होणाऱ्या सर्व फाईली काढण्यासाठी त्या शब्दाला लागून तारांकन देतात. मध्ये चुकून जागा सुटली, तर ‘आर-एम’ ही आज्ञा त्या कप्प्यातील सर्वच फाईली काढून टाकते. त्या कचरापेटीत जात नाहीत. त्यांची नक्कल अन्यत्र नसेल तर त्या परत मिळविणे अतिशय कठीण असते.

तिसरी गोष्ट नावातील एकसारखेपणाची. शहराचे अधिकृत नाव २०१४ मध्ये ‘बेळगावी’ झाले. मराठी माणूस ‘बेळगाव’ लिहितो. माणसाला दोन्ही एकच वाटतात, यंत्राला नाहीत. म्हणून कार्यालयाने किंवा शाळेने एकच लेखन ठरवावे, ते दर्शनी लावावे व सर्वांनी तेच पाळावे.

जुना दप्तरदार कागद देताना नोंद करी आणि परत घेताना पाने मोजी. तीच शिस्त येथे हवी. प्रथम यादी पाहावी. मग दुसऱ्या तबकडीवर नक्कल करावी. ‘सी-एम-पी’ या आज्ञेने मूळ व नक्कल ताडून पाहावी. त्यानंतरच मूळ हलवावे किंवा काढावे.

फाईलीत कोणा शेतकऱ्याचा उतारा असतो, कोणा विद्यार्थ्याचा शाळा सोडल्याचा दाखला असतो. खिडकीपाशी आलेल्या माणसाला ‘तुमची नोंद सापडत नाही’ असे सांगण्याची पाळी येऊ नये, यासाठी एन्टर कळ दाबण्यापूर्वी आज्ञेची ओळ पुन्हा एकदा वाचावी. त्याला फार वेळ लागत नाही.