भारत आणि अमेरिका : कापूस निर्यातीची दोन चित्रे
(धर्माबाद येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



धर्माबादचे नाव मिरचीच्या बाजारामुळे सर्वदूर झाले असले, तरी गोदाकाठच्या या काळ्या जमिनीचे पांढरे सोने म्हणजे कापूस. त्याचा भाव ज्या जागतिक बाजारात ठरतो, तेथे भारत आणि अमेरिका हे दीडशे वर्षांचे प्रतिस्पर्धी आहेत.

१८६१ पूर्वी ब्रिटनमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश अमेरिकेतून येत असे. यादवी युद्धात दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायर हिंदुस्थानकडे वळले. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या आणि कंपन्या बुडाल्या. आखूड धाग्याचा, कचरामिश्रित माल नाइलाजाने घेणारे गिऱ्हाईक पुन्हा अमेरिकेकडे गेले.

दुसरी संधी स्वातंत्र्यानंतर आली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातील ‘एनएचएच ४४’ या संकरित वाणाने कोरडवाहू शेतकऱ्याला हात दिला. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली आणि उत्पादन वाढले. येथे तुलना करताना एक काळजी घ्यावी लागते. भारतीय गाठ १७० किलोची, तर अमेरिकेची आकडेवारी ४८० पौंडांच्या, म्हणजे सुमारे २१८ किलोंच्या गाठीत मोजली जाते. दोन्ही आकडे भारतीय गाठीत मांडले, तर २०११-१२ मध्ये भारताची निर्यात सुमारे १३० लाख आणि अमेरिकेची सुमारे १५० लाख गाठी होती. २०२२-२३ मध्ये अमेरिका १६० लाखांच्या आसपास टिकून राहिली. भारत मात्र सुमारे १६ लाखांवर आला!

हे का घडले? देशातील गिरण्यांचा वापर मोठा आहे, हे एक कारण; आणि कच्च्या मालाऐवजी सूत व कापड बाहेर जाणे हितकारकच म्हणावे लागेल. परंतु उत्पादनही घटले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राला झोडपले. हेक्टरी उत्पादनात भारत अमेरिकेच्या निम्म्याच्या आसपास आहे. त्यात धोरणाची धरसोड. एप्रिल २०१० मध्ये निर्यातीची नोंदणी थांबली. ५ मार्च २०१२ रोजी बंदी आली आणि आठवडाभरात शिथिलही झाली. अशा विक्रेत्यावर परदेशी गिरणीमालकाने किती विसंबावे?

अमेरिकेचे यश निर्मळ नाही. तेथील सरकारी अनुदानांविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २००४ मध्ये निर्णय त्याच्या बाजूने लागला. तथापि, तेथे प्रत्येक गाठीची यंत्राने प्रतवारी होते, हेही तितकेच खरे. पुढे २०२३-२४ मध्ये ब्राझीलने निर्यातीत अमेरिकेलाच मागे टाकले. म्हणजे अग्रस्थान कोणाचीही वतनदारी नव्हे.

१९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत भारताने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. गिरण्यांना दिलासा मिळाला. पण अनुदानित अमेरिकन कापसाशी पावसावर विसंबलेल्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याची थेट गाठ पडली, तीही नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर.

शासनाने आयात-निर्यातीचे धोरण हंगामापूर्वी जाहीर करून ते पाळावे. गावपातळीवर वेचणी प्लॅस्टिकच्या पोत्यात न करता सुती कापडात व्हावी, कवडी वेगळी काढावी, ओला माल मिसळू नये. जिनिंगवाल्यांनीही स्वच्छ कापसाला वेगळा भाव द्यावा. अन्यथा शेतकऱ्याने ते कष्ट कशासाठी घ्यावेत? ‘कस्तुरी कॉटन भारत’ ही राष्ट्रीय नाममुद्रा याच हेतूने निघाली आहे. १८६५ मध्ये आणि २०१२ नंतर हातची गेलेली बाजारपेठ परत मिळवायची असेल, तर आरंभ वेचणीपासूनच करावा लागेल.