थांबण्याची विद्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



साहित्य-संगीताच्या या व्यासपीठावरून मोटारीच्या ब्रेकविषयी कोणी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. तथापि जुन्या मोटारींचा नाद मला दीर्घकाळ आहे आणि त्या नादात एक गोष्ट सतत नजरेस येते. जुनी गाडी बाळगणारा मनुष्य तिच्या रंगावर, कातडी बैठकीवर, इंजिनाच्या आवाजावर जीव टाकतो. चाकाच्या आत दडलेल्या ब्रेककडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. गाडी धावणे हा कौतुकाचा विषय. गाडी थांबणे मात्र गृहीत! माझे आजचे निवेदन या गृहीताविरुद्ध आहे.

उदाहरणासाठी एम.जी. टीडी ही गाडी घेऊ. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९५० ते १९५३ या काळात या दोन आसनी स्पोर्ट्‌स गाड्या जवळजवळ तीस हजार तयार झाल्या. काटेकोर अर्थाने १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांनाच ‘व्हिंटेज’ म्हणतात. परंतु व्यवहारात आपण हा शब्द सैलपणे वापरतो, तसाच मीही वापरतो. ही गाडी आपल्याला अगदी परकी नाही. आपली ॲम्बॅसॅडर, जिचे उत्पादन २०१४ साली थांबले, ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. म्हणजे दोघी एकाच घराण्यातल्या.

टीडीच्या चारही चाकांत नऊ इंची ड्रम आहेत. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे पसरट भांडे. त्याच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू असतात आणि त्यांवर लाइनिंग बसविलेले असते. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर सरकतात, ड्रमला घासतात आणि गाडीची गती उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता किती? माणसांसह एक हजार किलो वजनाची गाडी ताशी ९६ किलोमीटर वेगावरून एकदा थांबविली, तर सुमारे एक लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याइतकी! घरात पाच-सहा कप चहाचे आधण ठेवल्यावर जितका वेळ लागतो, तितका वेळ येथे मिळत नाही. सारे काही सेकंदांत घडते.

या रचनेत एक मौज आहे. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने रेटला जाणारा शू ड्रमकडे आपोआप ओढला जातो. त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. टीडीच्या पुढच्या चाकांत दोन्ही शू असे आहेत. मागे जाताना मात्र हेच दोन्ही शू दुर्बळ ठरतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. लाइनिंगची पकडही उष्णतेने सैल होते. घाट उतरताना पुन्हापुन्हा ब्रेक दाबले की पेडल खाली खाली जाऊ लागते, ते यामुळे. याच उणिवेवरचा उपाय म्हणजे डिस्क ब्रेक. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने विजय मिळविला आणि त्यानंतर स्पोर्ट्‌स गाड्यांतील ड्रमचे दिवस भरत आले.

आता झिजलेल्या ब्रेकची दुरुस्ती. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नये. भक्कम स्टँड द्यावेत आणि जमिनीवरील चाकांना ओट लावावी. ड्रम उतरताच आत काळी पूड दिसते. ती फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने कदापि उडवू नये. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने ती पुसावी व फडके पिशवीत बंद करून टाकावे.

यानंतर परीक्षा. लाइनिंग तेलकट असेल तर ते धुऊन वापरण्याचा मोह टाळावा. तेल कोठून आले, ऑइल सीलमधून की चाकाच्या सिलिंडरमधून, हे शोधून तो दोष प्रथम दूर करावा आणि दोन्ही बाजूंची लाइनिंगे एकदम बदलावीत. एकच बदलल्यास गाडी एका अंगाला ओढते. रिव्हेटची लाइनिंगे बसविताना मधल्या रिव्हेटपासून टोकांकडे जावे, म्हणजे लाइनिंग व शू यांच्यामध्ये पोकळी राहत नाही.

ड्रम मोकळा टांगून हलक्या हातोडीने वाजवावा. मडके घेताना आपण ते वाजवून घेतो, तसाच हा प्रकार. नाद खणखणीत असेल तर ठीक. बद्द आवाज आला तर तडा असण्याचा संभव. मग आतील व्यास चार-पाच ठिकाणी मोजावा. चऱ्या पडल्या असतील किंवा ड्रम लंबगोल झाला असेल तर लेथवर टर्निंग करून घेतात आणि एका धुरीवरील दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे ठेवतात. तथापि प्रत्येक कापणीबरोबर भिंत पातळ होते, कमी उष्णता सामावते व लवकर पसरते. अनेक निर्माते मूळ व्यासात सुमारे दीड मिलिमीटर वाढीपर्यंतच परवानगी देतात. त्यापलीकडे ड्रम कितीही गुळगुळीत दिसला, तरी तो भंगारातच गेला पाहिजे. शिवाय व्यास वाढला की जुन्या मापाचा शू मधोमधच टेकतो. म्हणून शूची गोलाईही नव्या मापाला जुळवावी लागते.

शेवटी ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे सिलिंडर आतून गंजतात आणि उकळण्याचा बिंदूही खाली येतो. जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरावे, नळ्यांतील हवा काढावी. हवा राहिली तर पेडल स्पंजासारखे दबते. इंजिन ऑइलचा एक थेंबही येथे चालत नाही. त्याने रबरी सील फुगून निकामी होतात. लक्षात घ्या, टीडीमध्ये चारही चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग आहे. एका सिलिंडरचा चार आण्यांचा रबर फाटला, तर चारही चाकांचे पेडल-ब्रेक जातात आणि उरतो तो केवळ मागील चाकांचा हँडब्रेक. शेजारी मूल बसलेले असते, समोर रस्ता उतरता असतो. जुन्या गाडीच्या ब्रेकमध्ये काय पणाला लागलेले असते, ते एवढेच.

म्हणून माझे मागणे एकच: अंदाज करू नका, मोजा; आणि मोजल्यावर माप जे सांगेल ते माना. ‘मूळचा ड्रम आहे, जपू या’ हा जिव्हाळा मला समजतो. जुन्या वस्तूचे जतन हे संस्कृतीचे लक्षण आहेच. परंतु रस्त्यावर चालवायच्या गाडीत जतनाची मर्यादा मायक्रोमीटर ठरवितो, आपले प्रेम नव्हे. असा ड्रम कपाटात ठेवावा, चाकात नको.

ज्यांच्या घरी व्हिंटेज गाडी नाही, त्यांनी हे भाषण निरुपयोगी मानू नये. आपल्या कित्येक स्कूटरींत आणि मोटारींच्या मागील चाकांत आजही हेच ड्रम आहेत. सुटीत मुलाबाळांसह गावाकडे निघण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावेत, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे ब्रेकवरील भार इंजिन वाटून घेते.