उंबऱ्यापर्यंत येणारा कोच



बचत गटांच्या बैठकीत हप्ते, व्याज, शेळ्या आणि शिलाई मशीन यांची चर्चा झाली की चहाच्या वेळी खरे प्रश्न निघतात. अलीकडे त्यातला एक प्रश्न आम्ही बऱ्याच वस्त्यांमध्ये ऐकला. मुलगी खेळात चांगली आहे, शाळेतले सर म्हणतात बाहेरगावी स्पर्धेला पाठवा, तर पाठवावं का? आई हो म्हणते, आजी नको म्हणते, वडील गप्प बसतात. मग मुलगी नववी-दहावीत जाते आणि मैदान सुटतं.

या प्रश्नाचं उत्तर घेऊन आईबापाकडे जाणं हीच ज्याची नोकरी आहे, अशा माणसाबद्दल आज आम्ही बोलणार आहोत. त्यासाठी थोडं लांब जाऊ, अमेरिकेत.

तिथे बेसबॉल हा फार लाडका खेळ. आपल्या मुलींना सॉफ्टबॉल माहीत असतो. बेसबॉल त्याचाच थोरला भाऊ समजा. चेंडू लहान, मैदान मोठं, आणि चेंडू खांद्यावरून फेकायचा. तिथल्या कॉलेजांच्या संघांना मुख्य प्रशिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक असतात. त्यातल्या एकाकडे खेळाडू शोधून आणण्याची जबाबदारी असते. हा माणूस उन्हाळाभर गाडी घेऊन गावोगाव फिरतो आणि शाळकरी मुलांचे सामने बघतो. कोण किती सेकंदांत धावतं, चेंडूचा वेग किती, सगळं वहीत टिपून घेतो. पण काम तिथे संपत नाही. मुलगा पसंत पडला की त्याच्या आईवडिलांशी बोलायचं. राहायची सोय काय, अभ्यासाचं काय, शिष्यवृत्ती किती, दुखापत झाली तर काय, हे सगळं समजावून सांगायचं.

शिष्यवृत्तीचा हिशोब तर आपल्या गटाच्या हिशोबासारखाच ओढाताणीचा. वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांना बेसबॉलसाठी अनेक वर्षं फक्त 11.7 पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत, आणि त्या जास्तीत जास्त 27 खेळाडूंमध्ये वाटायच्या. 2025 मध्ये हा नियम बदलला. तोवर कुणाला अर्धी, कुणाला पाव, अशी वाटणी चालायची. कमी पैशात घरच्यांचं समाधान करायचं म्हणजे बोलण्यात खरेपणा लागतो. आज गोड बोलून मुलगा नेला आणि उद्या शब्द फिरवला, तर त्या गावात पुढच्या वर्षी कोण दार उघडेल?

आता दुसरी बाजू ऐका. या संघांत एक सहायक प्रशिक्षक नावालाच 'स्वयंसेवक' असायचा. काम पूर्ण वेळ करायचा, पण कॉलेजकडून पगार नाही. उन्हाळी शिबिरं घे, शिकवण्या घे आणि घर चालव. बाहेर जाऊन खेळाडू निवडण्याची परवानगीही त्याला नव्हती. पुढे कधीतरी पक्की नोकरी मिळेल या आशेवर माणसं वर्षानुवर्षं तशी राबली. अखेर 1 जुलै 2023 पासून तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने हे स्वयंसेवक पद काढून टाकलं आणि त्या जागी पगारी प्रशिक्षक नेमण्याची वाट मोकळी केली.

हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणी हसल्या. स्वयंसेविका म्हटलं की मोबदला विचारायचा नसतो, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. घरोघर जाऊन बायांना बैठकीला आणणं, रुसलेलीला समजावणं, बँकेत सोबत जाणं, हे काम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचा दामही लवकर ठरत नाही. खेळातही तेच आहे. पदक दिसतं, पण खेळाडूच्या घरी चार वेळा जाऊन आलेला माणूस दिसत नाही.

असा माणूस आपल्या मराठवाड्यातही आहे. सारिका काळे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. धाराशिव जिल्ह्यातली, खो-खोची खेळाडू. घरची परिस्थिती अशी की कित्येक वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, हे तिने स्वतः सांगितलं आहे. आई शिवणकाम करायची. 2016 मध्ये गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत ती भारताच्या महिला संघाची कर्णधार होती आणि संघाने सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी पैशांच्या अडचणीला कंटाळून तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतल्याचं आजीने तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना सांगितलं. तिची समजूत घातली गेली आणि ती मैदानावर परत आली. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून नोकरीलाही लागलेली होती.

यात आजीचा वाटा बघा. प्रशिक्षकाला सांगावं असं तिला वाटलं, कारण घर आणि मैदान यांच्यात ओळख होती. अमेरिकेतला तो फिरता कोच पगार घेऊन जे काम करतो, ते आपल्याकडे बहुतेक वेळा कुणीतरी जीव लावतो म्हणून होतं. ज्या मुलीला असा माणूस भेटत नाही, तिचं काय होतं ते आपण वस्तीत रोज बघतो.

आणि हा माणूस पुरुषच असला पाहिजे असं कुठे आहे? अमेरिकेत जस्टिन सीगल नावाची बाई आहे. ती तेरा वर्षांची असताना तिच्या प्रशिक्षकाने सांगितलं होतं की मुलींनी बेसबॉल खेळू नये. ती खेळत राहिली. पुढे स्प्रिंगफील्ड कॉलेजात ती पुरुषांच्या बेसबॉल संघाची सहायक प्रशिक्षक झाली. 2015 मध्ये ओकलँड ॲथलेटिक्स या व्यावसायिक संघाने तिला पाहुणी प्रशिक्षक म्हणून बोलावलं. तिथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमधल्या एखाद्या संघाने बाईला प्रशिक्षक म्हणून काम देण्याची ती पहिलीच वेळ. मुलींना बेसबॉल खेळता यावा म्हणून तिने संस्थाही काढली.

आपल्या मुलींसाठीही ही वाट आहे. पतियाळाला 1961 पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तिथे प्रशिक्षकाची पदविका मिळते, आणि सहा आठवड्यांचा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. आपल्याच शहरात विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. मुलगी आंतरराष्ट्रीय खेळाडू झाली नाही, तरी खेळातलं शिक्षण घेऊन प्रशिक्षक होऊ शकते. दारात बाई प्रशिक्षक आली, तर आजीचा 'नको' निम्मा तिथेच विरघळतो.

मग आपण आई म्हणून, गट म्हणून काय करायचं?

कोच घरी आले तर चहा द्याच, पण प्रश्नही विचारा. स्पर्धेला सोबत बाई व्यवस्थापक आहे का? मुक्काम कुठे? परत कधी? फोन कुणाकडे लावायचा? खर्च कोण करणार? चांगल्या प्रशिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याबरोबर मुलीला पाठवायची घाई करू नका. आणि कोच आले नाहीत, तर आपण मैदानावर जा. तिथे आई उभी दिसली की मुलीचीही हिंमत वाढते.

प्रमाणपत्रं जपा. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. ते प्रत्येक खेळाला आणि प्रत्येक स्पर्धेला लागू नसतं. म्हणून स्पर्धा कोणत्या दर्जाची आहे हे आधीच विचारा, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्या. घडी घालून ट्रंकेत टाकलेला कागद ऐन वेळी सापडत नाही.

गटातून शेळीसाठी कर्ज देतो, तसं बुटांसाठी आणि प्रवासासाठीही देता येतं. काही गटांत आम्ही हा विषय बैठकीत घेतला. पहिल्यांदा कुरकुर झाली, की खेळातून हप्ता कसा फिटणार? मग एक ताई म्हणाल्या, लग्नासाठी कर्ज घेतो तेव्हा कुठे विचारतो हे? त्यावर कुणी काही बोललं नाही. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला.

शेवटची गोष्ट. तुमच्या वस्तीत एखादी मुलगी संध्याकाळी लहान मुलींना फुकट खेळ शिकवत असेल, तर तिला नुसतं शाबास म्हणू नका. घरटी महिन्याला दहा-वीस रुपये काढा आणि ते तिच्या हातात द्या. रक्कम लहान असेल, पण तिच्या घरीही कळेल की पोरगी वेळ घालवत नाही, काम करते आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय तुमच्या गटातही घ्या.