चालत्या माणसाची लेन्स

(परभणीतील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, छिद्र म्हणजे काय, शटर म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. माझा आग्रह एकच आहे. पायी फिरताना कॅमेऱ्यावर 28 मिलिमीटरची, झूम नसलेली, छोटी लेन्स असावी. 16 ची नको.

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 28 ची लेन्स कर्णरेषेत साधारण 75 अंश पाहते, 16 ची 107. जास्त दिसतं तेच बरं, असं तुम्ही म्हणाल. मग सेलू तालुक्यातल्या वालूरला चला. तिथल्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत तळाशी जातात. काठावरून 16 लावली की अख्खी बारव एका फोटोत येते, आणि तळ बशीएवढा होतो. खोली गेली! बारवेत खोलीच तर बघायची असते. 28 मध्ये ती काठावरून मावत नाही, म्हणून माणूस खाली उतरतो.

असाच मी मधल्या वळणावर बसलो होतो. वरून एक आजी म्हणाल्या, "काय मोजायलास रे बाबा?" म्हटलं, फोटो काढतोय. त्या हळूहळू उतरून आल्या, दोन हातांवर टेकल्या. कुठला तू, लेकरं किती, पाऊस झाला का तुमच्याकडं... मी बोलत राहिलो. कॅमेरा आधीच लावून ठेवला होता: छिद्र एफ 8, फोकस सव्वातीन मीटरवर. एवढं केलं की 28 ची लेन्स साधारण 1.6 मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट देते. आजी थोड्या मागं सरकून बसल्या तेव्हा फोटो घेतला. चेहऱ्यावरची रेघ न् रेघ आली, मागं पायऱ्यांचं वळणही आलं. मोठं भिंग रोखलं असतं तर त्यांनी पदर सावरला असता, गप्प झाल्या असत्या.

(मागून आवाज: "मोबाइल आहे की खिशात!" हशा.)

हसा, पण ऐका. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा 24 ते 26 च्या आसपास पाहतो, म्हणजे माझ्याच बाजूचा आहे. मात्र हात लांब करून पडद्यात बघताना समोरच्या माणसाकडं लक्ष राहत नाही. माझं भांडण तेवढंच आहे, आणि ते मी सोडणार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. वजनाचं सगळं राहिलं. कॅननची आरएफ 28 एफ 2.8 फक्त 120 ग्रॅम आहे, एवढं लक्षात ठेवा. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याचा उंच स्तंभही राहिला. तिथं कॅमेरा वर वाकवला की स्तंभाच्या कडा वर जाताना एकमेकींकडं झुकतात. मागं या, कॅमेरा सरळ धरा, खालची जादा जमीन नंतर कापा.

ताई, तुमचा प्रश्न चांगला आहे. सेन्सर लहान, एपीएस-सी असेल, तर 18 ची घ्या. दीडपटीनं ती 27 होते. फुजीची 18 एफ 2 तर 116 ग्रॅमच आहे. जुनी मिळत असेल तर उजेडाकडं धरून आत बुरशीचे धागे दिसतात का ते आधी बघा, आणि भाव मग विचारा.